देवकाबाईचा डावा हात

सौंसरहून जामसांवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, संत्र्याच्या बागांमध्ये एक लहानसे गाव होते. तिथल्या देवकाबाईने लांब रोटी करणे का सोडले, याची गावात दोन कारणे सांगितली जात. पहिले ती स्वतः सांगे: गुडघे दुखतात, चुलीपुढे बसवत नाही. दुसरे तिची मोठी जाऊ गुणवंताबाई सांगे: देवकाला माज आला. दोन्ही कारणे तपासण्याजोगी होती, पण कोणी तपासली नाहीत. जिचे गुडघे दुखतात ती दिवसभर कापूस वेचते कशी, आणि जिला माज आला ती लोकांच्या लग्नात कोपऱ्यात बसून मुकाट्याने कांदे कशी चिरते, एवढे जरी कोणी विचारले असते तरी दोन्ही कारणे जागीच गळून पडली असती.

लांब रोटी हे दोन हातांचे काम आहे. सैलसर भिजवलेली कणीक परातीत आपटून आपटून तिला ताण आणायचा, मग तिचा गोळा ओल्या हातांवर घेऊन तो या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत पसरू द्यायचा, आणि कापडासारखा पातळ झाला की चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद टाकायचा. लाटणे नाही, पोळपाट नाही. जे काय ते उघड्या कातडीवरच. पंचक्रोशीत हे काम देवकाबाईसारखे कोणाला साधत नसे. तिची रोटी धरून पलीकडचा दिवा पाहावा, असे लोक म्हणत. त्यात अतिशयोक्ती असेल. पण लग्नाची तिथी धरली की आचाऱ्याच्याही आधी देवकाबाईला निरोप जाई, हे मात्र खरे होते.

तिने रोटी सोडली ती डाव्या हातामुळे, आणि ते कारण तिने कोणालाही सांगितले नव्हते.

धाकट्या लेकराच्या वेळी देवकाबाई फार अडली होती. दाईने तिच्या पाठीत गुडघा रोवून सकाळपासून एकच शब्द लावून धरला होता: "जोर लाव! जोर लाव व पोरी, अजून जोर लाव!" लेकरू झाले, जगले. त्यानंतरची वर्षे संत्र्यांनी भरलेली डाली डोक्यावरून गाडीपर्यंत नेण्यात गेली. मग केव्हा तरी तिच्या लक्षात आले की खाली, आत, काहीतरी फुगून पुढे येते. शौचाला बसले की मळ येतो तो मागे न जाता पुढे, त्या फुगवट्यात येऊन अडतो. कितीही कुंथले तरी मोकळे होत नाही. एके दिवशी घायकुतीला येऊन तिने डाव्या हाताचे बोट पुढच्या वाटेने आत घालून तो फुगवटा मागे दाबला, आणि क्षणात मोकळे झाले. सुटकेचा श्वास तिने सोडला खरा, पण तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आतच आपण काय केले हे तिला कळले आणि तिला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच केले. दुसरा उपायच नव्हता.

गावातल्या बाया पहाटे मिळूनच टमरेल घेऊन नाल्याकडे जात. देवकाबाई मुद्दाम लांबच्या बाभळीआड बसे आणि सर्वांत शेवटी उठे.

"देवका, तिथं खाट टाकून झोपली का व?" कोणीतरी हाक देई.

"येऊ दे तिले निवांत. बाभळीसंग बोलून राहिली ते!"

बाया हसत. देवकाबाईही हसे. घरी आल्यावर ती राखेने, मग मातीने, मग पुन्हा राखेने हात घाशी. हाताला भेगा पडल्या तरी तो तिला स्वच्छ वाटेना. घरच्या भाकरी ती उजव्या हाताने थापी. डावा नुसता परातीच्या कडेला टेकलेला असे. पण लांब रोटीला डावा हात वगळता येत नव्हता. शंभर माणसांच्या तोंडी जाणारे अन्न आपण या हातावर झुलवावे, हे तिला पाप वाटू लागले. गुणवंताबाईच्या प्रकाशच्या लग्नात तिने पहिल्यांदा नकार दिला.

"माह्या पोराच्या लग्नातच तुये गुडघे दुखाले लागले काय?" गुणवंताबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती.

"खरंच दुखून राहिले, मोठीबाई."

"दुख मग. आम्ही भाड्यानं बाई आनू."

भाड्याच्या बाईच्या रोट्या जाड झाल्या. वऱ्हाडाने नावे ठेवली. त्या दिवसापासून दोन्ही जावांमध्ये कामापुरते बोलणे उरले.

पुढे दुखणे वाढले. बसताना ओझे लोंबल्यासारखे वाटू लागले. तेव्हा देवकाबाईने नवऱ्याला, दादाजीला, एवढेच सांगितले की पोट साफ होत नाही. तो तिला सौंसरच्या एका धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेला. तिथे बाजाराच्या दिवशी नागपूरहून एक डॉक्टरीणबाई येत. त्यांनी दादाजीला बाहेर बसवले, देवकाबाईला तपासले आणि कागदावर पेन्सिलीने आकृती काढून दाखवली: ही पुढची वाट, ही मागची, मध्ये हा पडदा. बाळंतपणात आणि ओझ्यांनी तो सैल पडला आहे, म्हणून मागची नळी पुढे पिशवीसारखी फुगते. "अंग बाहेर येणं म्हणतात, त्यातलाच हा एक प्रकार. अजून फार मोठा नाही. ऑपरेशन लगेच नको. आधी व्यायाम करून पाहू."

व्यायाम शिकवणारी प्रेमलता शेजारच्या खोलीत बसे. तीही नागपूरचीच, शिकून नुकतीच कामाला लागलेली. तिच्या खोलीत पोलिओची लेकरे पायांना पट्ट्या बांधून दांड्यांना धरून चालत. त्यामुळे ती हातापायांची बाई, असाच गावोगाव समज होता. देवकाबाईला तो सोयीचा पडला. गुडघ्यांसाठी जाते, असे तिने घरीदारी सांगितले. त्यावर शेजारणींनी तिला निर्गुडीचा पाला, एरंडाचे तेल आणि कोणाच्या तरी मामाने दिलेले तांब्याचे कडे आणून दिले. ते कडे घालून हिंडताना तिला खोटेपणाची आणखी एक लाज वाटू लागली.

पहिल्या दिवशी प्रेमलताने मुलांना बाहेर पाठवले, दार लावले आणि हळू आवाजात समजावले. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. ती सैल पडली की वरचे सगळे खाली ओघळते. तिला कामाला लावले की ती पुन्हा ताठ होते. "तिथल्या स्नायूला जोर लावून धरायचा, दम न कोंडता. मग पूर्ण सैल सोडायचं. बसून, निजून, काम करतानाही जमतं. मी आत बोट लावून पाहू का, बरोबर होतंय की नाही?"

"नाई व बाई," देवकाबाई खाटेवरून उठलीच. "डॉक्टरीणबाईनं पाह्यलं तेवढं पुरे झालं. मी करतो बरोबर."

प्रेमलताने आग्रह धरला नाही. तो तिचा भलेपणा होता, आणि चूकही.

कारण देवकाबाईच्या मुलखात बाईच्या देहाला 'जोर लाव' असे आयुष्यात एकाच प्रसंगी सांगतात आणि त्याचा एकच अर्थ असतो. नागपूरच्या शिकल्यासवरल्या बाईने तेच सांगितले याचे देवकाबाईला नवलही वाटले नाही. ती इमानाने जोर लावू लागली. कापसाच्या ओळीत, जात्याशी, बसच्या बाकावर, दाईने शिकवले होते तसा, खाली, बाहेरच्या दिशेने. जी झोळी उचलायची तीच ती रोज चेपत होती. पाऊस सरेपर्यंत फुगवटा पुढच्या वाटेच्या दाराशी येऊन थांबला. आता चालतानाही तो जाणवे.

व्यायामाने वाढते ते दुखणे नव्हे, ती शिक्षा आहे, असा तिने निष्कर्ष काढला. ज्या बोटाने असले काम केले त्याचे हे फळ. तिने दवाखान्यात जाणे बंद केले.

दिवाळीच्या सुमारास थोरल्या लेकीचे, सुमनचे, पांढुर्ण्यात लग्न जमत आले. मुलगा श्रावण तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, माणसे बरी, साक्षगंधाची तारीखही ठरत आली होती. तेवढ्यात एका दुपारी गुणवंताबाई अंगणात येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांत ती अशी आपणहून आली नव्हती.

"देवका, आत चाल. बोलाचं हाये."

आत येऊन ती बसली नाही. पदराचे टोक पिळत म्हणाली, "पांढुर्ण्याचे लोक मांगं सरून राहिले. श्रावणची माय कलाबाई म्हनते, पोरीच्या मायच्या हाताले मोठा रोग हाये. म्हनून ते कोनाच्या कार्यात रोटी टाकत नाई."

देवकाबाईला आधी कळलेच नाही. मग कळले. मोठा रोग म्हणजे महारोग. त्याला औषध निघाले होते, तो बरा होत होता. पण सोयरिकी मोडायला नुसते नाव पुरे असे.

"कोनं सांगतलं त्याईले?"

गुणवंताबाईने उंबरठ्याकडे पाहिले. "मी तसं नव्हतं म्हटलं. एका लग्नात कोनं विचारलं, का तुयी जाऊ रोटी काहून नाई करत, तं मी रागात म्हटलं, तिच्या हाताले काय झालं ते देवालेच मालूम. एवढंच. पुढचं लोकाईनं लावलं."

गुणवंताबाईच्या चेहऱ्यावर राग शोधावा तर राग नव्हता. ओशाळलेपण होते, आणि ते तिला पेलत नव्हते.

"एकच उपाव हाये," शेवटी ती म्हणाली. "कलाबाईले मी निरोप देतो, लग्नाची रोटी देवकाच टाकन, तुमच्या डोयासमोर. दोनही हात साऱ्याईनं पाह्यले म्हंजे गोष्ट मिटली."

"मोठीबाई, मायाच्यानं होत नाई."

"काहून होत नाई?"

दारामागे उभी असलेली सुमन मधेच बोलली. तिचे शब्द तिखट होते. "माय, एक दिवस दुखू दे ना तुये गुडघे. मी जलमभर घरात बसू काय?"

पुढच्या बाजारी देवकाबाई सौंसरला गेली. प्रेमलताने तिला पाहताच ओळखले.

"इतके महिने कुठं होता, देवकाबाई? बरं वाटतंय का?"

"नाई. वाढलं."

"व्यायाम सोडला?"

"सोडला कुठं? लय केला. जेवढा केला तेवढं वाढलं." आणि मग, भिंतीकडे तोंड करून, "पाहा काय पाहाचं ते."

खाटेवर निजून तिने डोळ्यांवर पदर घेतला. प्रेमलताने हातमोजा घातला, तपासले आणि म्हणाली, "आता मी सांगितलं होतं तसं करा." देवकाबाईने दम कोंडून केले.

"अहो, थांबा! तुम्ही तर बाहेर ढकलताय!"

"तुमीच तं म्हटलं, जोर लावा म्हनून."

पदराखालून तिला प्रेमलताचा चेहरा दिसत नव्हता. बाहेर एका पोराच्या पायातली लोखंडी पट्टी फरशीवर वाजत होती. मग प्रेमलता म्हणाली, "चूक माझी आहे. शब्द चुकला." ती फार हळू बोलली, आणि देवकाबाईला पहिल्यांदाच वाटले की या खोलीत लाजणारी ती एकटी नाही.

आता नवा शब्द शोधणे आले. प्रेमलता म्हणाली, आवळा. तर देवकाबाईने मांड्या आवळल्या. म्हणाली, वर खेचा. तर पोट खपाटीला गेले. लघवी मधेच थांबवतो तसे, म्हटले, तेही नीट जुळेना. दोघीही घामेजल्या.

"आतून वर ओढून घ्यायचं," प्रेमलता पुन्हा म्हणाली. "बाहेर कुणाला काही दिसू नये. देत नाही, वर ठेवून घेतेय, असं."

देवकाबाईने डोळ्यांवरचा पदर किंचित खाली केला. "म्हंजे गाय पान्हा चोरते तसं?"

"ते काय असतं?"

"अवो, वासरू सोडलं, कास भरली, आपन धाराले बसलो, का गाय अंग आकसून दूध वर चढवून घेते. उभी असते गरिबावानी, पन थेंब देत नाई. लबाड जात."

"करून पाहा बरं तसं."

देवकाबाईने त्यांच्या गोठ्यातली कपिली डोळ्यांपुढे आणली. मांड्या हलल्या नाहीत, श्वास अडला नाही. आत काहीतरी फार क्षीण, पण निश्चित, वर सरकले. "हेच!" प्रेमलता म्हणाली. "हेच ते. सोडा आता. पुन्हा चोरा." दोघींनाही हसू फुटले, आणि हसताना ते पुन्हा निसटले.

त्यानंतर प्रेमलताने बाकीचे सांगितले. कुंथायचे नाही. उकिडवे बसून थोडे पुढे वाकायचे, तोंड उघडे ठेवून श्वास सोडायचा. पाणी, पालेभाजी आणि इसबगोल रोज. डाली उचलायची झालीच तर आधी पान्हा चोरून मग उचलायची, आणि भरलेली तर नाहीच. आशा तिने बेताचीच दाखवली: फुगवटा नाहीसा होईल असे नाही, त्रास कमी होईल, न झाल्यास ऑपरेशन आहेच.

मग ती सहज, इतर प्रश्नांसारखाच विचारावा तसे म्हणाली, "शौचाच्या वेळी बोटानं दाबून धरावं लागतं का?"

देवकाबाईच्या कानशिलांतून आग निघाली. हे हिला कोणी सांगितले? आपल्या देहावर लिहिलेले आहे काय?

"बऱ्याच जणींना लागतं," प्रेमलता तिच्या भेगाळलेल्या हाताकडे पाहत म्हणाली. "त्यात काही वाईट नाही. मी स्वतः शिकवते. फक्त नखं कापलेली हवीत आणि हात साबणानं धुवायचा. राखेनं कातडी फाडायची गरज नाही."

"बऱ्याच जनी? सौंसरातल्याबी?"

"नावं नाही सांगणार."

परतीच्या बसमध्ये देवकाबाई समोर बसलेल्या बायांच्या हातांकडे पाहत राहिली. कोणाच्या हातात पिशवी होती, कोणाच्या हातात लेकरू. तिला हायसे वाटायला हवे होते; थोडे वाटलेही. पण लाज इतरांशी वाटून घेतली की कमी होते हे तिला पटले नाही. इतक्या जणींची लाज आपल्याला कळली, याचेच ओझे तिला वाटले.

गुणवंताबाईला तिने रोटीसाठी हो म्हटले, निरोप पांढुर्ण्याला गेला आणि लग्न वैशाखात ठरले. हिवाळाभर ती पान्हा चोरत राहिली. बदल इतका हळू झाला की तो नेमका केव्हा झाला हे तिलाही सांगता आले नसते. आधी ओझे लोंबणे कमी झाले. मग काही सकाळी बोटाची गरज पडेना. नाल्यावर ती इतर बायांबरोबर उठू लागली, तर त्यावरही टोमणा आलाच: "बाभळीसंग भांडन झालं काय व?" पण सगळ्या सकाळी सारख्या नव्हत्या. वैशाखात लग्न तोंडावर आले तेव्हा कामाच्या धांदलीत पाणी कमी पडले, पोट कडक झाले, आणि नेमके लग्नाच्याच दिवशी पहाटे तिला बोट वापरावे लागले.

त्याच सकाळी परसात तीन चुली मांडल्या होत्या. मडकी तापत होती. पांढुर्ण्याची माणसे आली होती, आणि कलाबाई पानसुपारीच्या निमित्ताने नेमकी चुलींसमोरच खाट टाकून बसली होती. गुणवंताबाई कोठीत परातीत कणीक आपटत होती. देवकाबाई आत गेली आणि तिने दार लोटले.

"मोठीबाई, रोटी टाकाच्या आंधी तुले सांगाचं हाये. तू खाशीन, मग मालूम नाई म्हनून नको खाऊ." आणि तिने सांगितले. सगळे. बाभळीचे, बोटाचे, प्रकाशच्या लग्नाचे, आज पहाटेचे. बोलताना ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती. गुणवंताबाईकडे पाहण्याची तिची छाती नव्हती.

कणीक आपटण्याचा आवाज थांबला होता. बाहेर कोणीतरी वाजंत्रीवाल्यांना चहा देण्यावरून ओरडत होते.

"हात धुतला?" गुणवंताबाईने विचारले.

"साबनानं. गरम पान्यानं."

"मग चाल. मडकं जास्त तापलं तं रोटी करपन."

गुणवंताबाई चुलीशी तिच्या शेजारी बसली आणि एकेक गोळा तोडून तिच्या हातावर देऊ लागली. देवकाबाईने पहिला गोळा झुलवला. किती दिवसांनी! हातांनी काही विसरले नव्हते. कणीक कोपरापर्यंत उतरली, पसरली, मडक्यावर जाऊन बसली. कलाबाई पाहत होती. पण रोटीकडे नव्हे, बोटांकडे. तिचे समाधान झालेले दिसत नव्हते. कितव्या तरी रोटीला देवकाबाईचा डावा हात मडक्याला निसटता लागला आणि "अगं माय!" म्हणत तिने तो झटक्याने मागे घेतला.

कलाबाई खाटेवरून उठलीच. "भाजलं काय विहीनबाई? चटका लागला?"

"लागला नाई तं काय."

"लय लागला?" विचारताना कलाबाईच्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की आसपासच्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. ज्या हाताला चटका कळतो त्या हाताला तो रोग नाही, हे तिचे गणित होते. मग ती ओशाळली, तेलाची वाटी घेऊन स्वतः आली आणि भाजल्या जागेवर तिने बोट फिरवले. देवकाबाईने तो हात तिच्याकडे दिला, पण तेवढा वेळ तिचा श्वास अडकलेला होता.

पंगती उठल्या. वांग्याची भाजी आणि रोटी, लोक मागून मागून खात होते. शेवटी घरच्या बायांची पंगत बसली. देवकाबाई वाढत वाढत गुणवंताबाईपाशी आली आणि तिने रोटीची घडी पुढे केली. गुणवंताबाईने पानावर हात आडवा धरला.

"मले भातच दे."

बाकीच्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. वैशाखात पुष्कळ जणी भातच मागतात. देवकाबाईच्या मात्र मानेपर्यंत लाज उतरली. तिने भात वाढला, वरण वाढले. गुणवंताबाई खाली पाहतच, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "कोनाले सांगनार नाई मी. मेली तरी. पन मले टाइम लागन, देवका."

"लागू दे, मोठीबाई," देवकाबाई म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

सगळ्यांची जेवणे झाल्यावर ती सुमनजवळ बसली. तिने स्वतःच्या पानात आपल्याच हातची रोटी घेतली. पहिला घास तोंडात नेताना ती थांबली, मग तिने तो खाल्ला. रोटी गार होऊन थोडी चिवट झाली होती. दुसरा घास घ्यायला तिला थांबावे लागले नाही.